खुराड्याची माती

पोळ्याचे बैल फिरून गेले आणि दुसऱ्या दिवशी विजयमालाच्या अंगणात मर पडली. सकाळी तिनं खुराड्याची फळी काढली, तर एरवी फळी निघायच्या आत पायात घोटाळणाऱ्या कोंबड्या बाहेरच येईनात. तिनं वाकून आत हात घातला. पहिली जी हाताला लागली ती थंड आणि ताठ होती. बाकीच्या कोपऱ्यात पंख पाडून बसल्या होत्या. तुरे जांभळे पडलेले, चोचीतून चिकट तार लोंबत होती आणि खाली सगळीकडे हिरवी हगवण झाली होती.

कोंबड्याच त्या, मेल्या तर एवढं काय, असं शहरातला माणूस म्हणेल. त्याचंही बरोबर आहे, त्याला कोंबडी सोललेलीच भेटते. पण विजयमालाच्या कोंबड्या असील जातीच्या होत्या. तिच्या सासूनं, छबुबाईनं, लग्नात माहेरहून आंदण म्हणून एक जोडी आणली होती, तिचा हा वंश. पाय उंच, रंग राखी, डोळे मोत्यासारखे पांढरे, तुरा म्हणाल तर वाटाण्याएवढा. अंडी बेताची द्यायच्या, पण बसायच्या घट्ट. पिल्लांवर घार उतरली तर कोंबडीच घारीच्या अंगावर जायची. छबुबाईची असील म्हटलं की गिऱ्हाईक पार केजहून दारात यायचं.

आणि त्या कोंबड्यांनी विजयमालाला दोन हंगाम घरात ठेवलं होतं. दसरा-दिवाळी आली की या भागातली अर्धी गावं कोयते घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झाल्यापासून विजयमालानं ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवल्या. त्यात कंबर गेली. मग पोटातली पिशवी काढावी लागली. टाके ओले असतानाच ती पुन्हा फडात उभी होती. पुढे कोंबड्या वाढल्या, पिल्लं विकून मीठ-मिरची निघायला लागली, आणि बंकटनं, तिच्या नवऱ्यानं, भाच्याला जोडीला घेतलं. आता भाचा पुण्याला कंपनीत लागला होता. पोळ्याच्या आधीच ऊसतोडीला माणसं नेणारा आप्पाराव मुकादम ओसरीवर बसून चहा पिऊन गेला होता.

"कोंबड्या हायत तवर तिला नेत न्हाई," बंकट त्याला म्हणाला होता. "मी अर्धा कोयता म्हनून यीन."

"कोंबड्यांवर संसार चालवतोस व्हय बे?" असं म्हणून आप्पाराव मोठ्यानं हसला होता. त्या हसण्यानं बंकटचे कान लाल झाले होते, पण तो शब्दावर राहिला.

आता अंगणात नुसती पिसं उडत होती. बंकटनं लिंबाखाली खड्डा काढला. वाचली ती एकटी लंगडी. कुत्र्यानं पाय धरला म्हणून तिला आधीपासून न्हाणीत बांधून ठेवली होती. तिनं दोन दिवस मान टाकली, मग हळूच उठून पाणी प्यायला लागली.

"हिला कोंबडा बगा," छबुबाई म्हणाली. "पर असीलच बगा. गावठी लावला की वंश बाटला. मंग केजचं गिऱ्हाईक कावून येईल?"

बंकट खड्ड्यावर माती ओढत होता. तो विजयमालाकडं न बघता म्हणाला, "दसऱ्याच्या आत लंगडी अंड्यावर बसली, तर मी आप्पारावला अर्धाच कोयता म्हनतो. न बसली तर कोयता घे. कोंबड्यांबिगर माझ्या यकट्याच्या मजुरीत भागत न्हाई."

माजघरात आढ्याला तिचा कोयता खोचलेला होता. दोन वर्षांत त्याला गंज चढला होता, आणि तो गंज बघून तिला रोज बरं वाटायचं.

ती आधी युसूफ वडगावच्या बाजाराला गेली. पक्ष्यांचा व्यापारी बद्रीनाथ जाळीच्या पिंजऱ्यापाशी उकिडवा बसला होता. त्यानं एकामागून एक तीन कोंबडे पाय धरून वर काढले. प्रत्येकाला तो असील म्हणाला आणि प्रत्येकाचा तुरा हातभर होता. चौथ्याच्या अंगाला लावलेला रंग विजयमालाच्या बोटांना आला.

"भाऊ, माझ्या सासूनं असील लेकरागत संबाळलीय," ती म्हणाली. "मला फसवू नगा."

बद्रीनाथ हसला. पकडला गेला म्हणून तो कधीच रागवायचा नाही. "मंग बाजारात कावून आलीस? खरा माल दोन ठिकानी. यक विजयसिंह दादांच्या शेडवर. दुसरा लिंबागणेशच्या खाजामियाँकडं. पर तो म्हातारा विकायच्या आधी पोरगी द्यायची असल्यागत चौकशी करतो. तू आपली दादांकडं जा."

विजयसिंह मोठ्या घरचे. रस्त्याकडेला त्यांचं पत्र्याचं लांबलचक शेड, बाहेर 'शुद्ध असील मिळेल' असा फलक. आत पायाला दोरी बांधलेले कोंबडे एकमेकांपासून दूर ठेवले होते. एकाचा डोळा गेलेला, दुसऱ्याच्या छातीवर टाके. विजयसिंह खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते. बोलणं संपेपर्यंत ती उन्हात उभी राहिली.

"कशाला पाहिजे? झुंजीच्या बाजीला?"

"न्हाई दादा. घरी यक लंगडी कोंबडी राह्यलीय. बाकीच्या समद्या मरून गेल्या."

विजयसिंह इतक्या जोरात उठले की खुर्ची मागं पडली. "मर झालेल्या घरून उठून माझ्या शेडात आलीस? अक्कल हाय का? आरं, हिला भाईर काढा!"

गड्यानं फिनेलची बादली आणली आणि ती उभी होती तिथं फेकली. निम्मं फिनेल तिच्या पायावर आणि साडीच्या ओच्यावर आलं. ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली तरी गडी मागून ओरडत होता, की फाटकाला हात लावू नको. परतीच्या बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून पुढच्या बाकावर गेली.

खरं बघता विजयसिंहांचं अगदीच चुकलं नव्हतं. हजार कोंबड्यांचा मालक घाबरणारच. पण माणसाला बाहेर काढायचीही एक रीत असते, आणि ती पाळली नाही की माणूस भलतंच शिकतो. विजयमाला त्या दिवशी एवढंच शिकली, की मर झाली म्हणून खरं सांगितलं की अंगावर फिनेल येतं.

लिंबागणेशला जायच्या दिवशी छबुबाईनं तिला दारात थांबवलं. खुराड्यातली मूठभर माती उकरून तिनं सुनेच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"तितंच पान्यात कालव आन कोंबड्याला पाज," ती म्हणाली. "आपल्या खुराड्याची माती पोटात गेली की ते मागं वळून बगत न्हाई. माझ्या आईनंबी पाजलती, मीबी पाजलती. इसरू नगंस."

विजयमाला केजहून बसनं मांजरसुंब्याला उतरली आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून लिंबागणेशला गेली. देवळाचा कळस दिसल्यावर तिनं लांबूनच हात जोडले. खाजामियाँचं घर गावाबाहेर, शेताच्या बांधाला होतं. बीडमध्ये मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती, आणि हात थरथरायला लागल्यावर ते बायकोला, चाँदबीला, घेऊन इथं येऊन राहिले होते. फाटकापाशी पसरट घमेल्यात चुन्याचं पाणी होतं.

"चपला भाईर, पाय ह्या पान्यात," आतून आवाज आला. "कलेक्टर आला तरी हाच कायदा."

तिनं पाय घोट्यापर्यंत बुडवले. हात धुतले. मग चाँदबीनं तिला बाजेवर बसवून चहा दिला आणि कंबर धरून बसलेली बघून पाठीमागं उशी सरकवली. तोवर कोणी तिला असं बसवलं नव्हतं. समोर अंगणात राखी कोंबड्या फिरत होत्या. मान ताठ, पाय पिवळे, डोळे पांढरे. आपल्याच मेलेल्या कोंबड्या उठून इथं येऊन चरतायत असं विजयमालाला वाटलं.

खाजामियाँ समोर स्टुलावर बसले आणि त्यांचे सवाल सुरू झाले. वंश कुठला? सासूचं माहेर कोणतं? रात्री कुठं कोंडता? बाजीवाले दारात येतात का?

"आले तर द्याल?"

"न्हाई चाचा. पायाला सुरी बांधून मारत्यात. मी बगितलंय."

म्हाताऱ्याला ते उत्तर आवडलं. "देखो बाई, बीडमधी चौघांना दिला वंश. दोघांनी बाजीला लावला, दोघांनी मोठा व्हावा म्हनून भलता कोंबडा मिसळला. आता खरा असा माज्याकडंच राह्यला. म्हनून मी घर बगितल्याबिगर देत न्हाई." त्यांनी एका टोपलीतलं अंडं उचललं, डोळा मिटून पापणीला लावलं, ते अजून ऊन आहे याची खात्री करून परत कोंबडीखाली सारलं. "पर तुमी लांबून आल्या, आन तुमची कोंबडी खानदानी हाय. आता आखरी सवाल. यंदा घरी मर झाली का?"

विजयमालाला साडीच्या ओच्यातून फिनेलचा वास आला. साडी दोनदा धुतली होती, तरी आला.

"न्हाई चाचा."

"मंग बाकीच्या कोंबड्या?"

"मुंगसानं नेल्या. आन कुत्री लई झालीत आमच्याकडं."

"माफ करा, पर विचारावं लागतं. मानमोडीची लस मी कोंबड्यांना टोचून घेतो. हिरव्या हगवनीला मातर ती चालत न्हाई. तिला यकच इलाज, घरात येऊ द्यायची न्हाई." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "तुमच्या जबानीवर देतो. पैसा नक्को. वाट्यानं देतो. पयल्या पिल्लांतला यक नर मला परत. आन मी बगायला येनार."

ते नमाजाला आत गेले. चाँदबीनं एक तरणा कोंबडा धरून तिच्या मांडीवर दिला. त्याचं काळीज तिच्या तळहाताखाली जोरजोरात उडत होतं. विजयमालानं पदराची गाठ सोडली, पाण्याच्या परळात माती टाकली आणि बोटानं कालवली.

"हे काय वो?" चाँदबीनं विचारलं.

"घरची माती. म्हंजी ह्यो आमचा हुतो."

"हाय अल्ला, किती माया!" चाँदबी हसली. कोंबड्यानं चोच बुडवून दोनदा मान वर केली. तेवढ्यात पाणी दिसलं म्हणून बाकीच्या कोंबड्याही जमल्या आणि परळाभोवती कोंडाळं करून प्यायल्या. विजयमाला कौतुकानं बघत राहिली. चपला बाहेर होत्या, पाय धुतलेले होते, आणि पदराच्या गाठीचा तिच्या मनात संशयसुद्धा आला नाही.

नंतरचे दिवस चांगले गेले, म्हणून ते सांगायला थोडेच आहेत. कोंबडा चार दिवस सुस्त बसून होता. परका गाव आहे, असं म्हणून छबुबाईनं त्याला कण्या चारल्या. मग तो उठला आणि असा आरवला की शेजारच्या आळीतले लोक बघायला आले. लंगडी त्याच्या मागून फिरायला लागली. अंडी आली. आश्विन लागला तशी लंगडी खुडूक झाली आणि ओसरीतल्या टोपल्यात अंड्यांवर बसली. बंकटनं ते बघितलं, सायकल काढली आणि आप्पारावला अर्ध्या कोयत्याचं सांगून आला. त्या दिवशी विजयमालानं भाकरीबरोबर त्याला ठेचा जरा जास्त वाढला. कंबर दुखत होती ती तशीच दुखत होती, पण आता ती घरात दुखणार होती.

दसऱ्याच्या तोंडावर दुपारी कुंपणाबाहेर कोणीतरी खाकरलं. खाजामियाँ उभे होते. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, अनवाणी, हातात चुन्याच्या पाण्याची बाटली.

"चाचा! आत या की."

"नक्को बाई. मी हितंच ठीक हाय." ते मोठ्यानं बोलत होते. नळावर निघालेल्या दोघी थांबून ऐकायला लागल्या. "माझ्या घरी मर झालीय. कपडे उकळून घातलेत, आंगोळ करून आलोय. तरीबी मर झालेल्या घरच्या मानसानं दुसऱ्याच्या अंगनात जायचं नसतं."

विजयमालाच्या हातातली परडी तशीच राहिली. "समद्या?"

"समद्या. हिरवी हगवन. कुठून आली, अल्ला जाने. तुमी गेल्यावर घरात कोनी परकं आलंच न्हाई." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "चाँदबी जेवत न्हाई. मी तिला म्हनलं, आगं, यक तर चांगल्या घरी पडला. त्याला लांबून बगतो आन तुला सांगतो. जरा दावता का, बाई?"

तिनं कोंबडा धरून वर केला. उन्हात त्याची राखी पिसं चमकली. म्हातारा बघत राहिला, आणि बघता बघता त्याची हनुवटी हलायला लागली.

"आता ह्योच राह्यला. माझा वाटा नक्को मला. तुमीच वाढवा. कोनी मागाय आलं तर विचारून द्या. खरं बोलनाऱ्यालाच द्या."

ती गप्प राहिली असती तर काहीच झालं नसतं. म्हातारा समाधानानं बस धरून गेला असता. लंगडीखाली अंडी होती, कोयता आढ्याला होता. ओसरीवर छबुबाई सगळं ऐकत होती. तिनं सुनेकडं एकदा बघितलं आणि मान फिरवून निवडायला घेतलेल्या तांदळात घातली. आतून बंकटच्या विडीचा वास येत होता. विजयमालाला भयंकर लाज वाटली. ती लाज म्हाताऱ्याच्या अनवाणी पायांची होती.

"चाचा," ती म्हणाली, "ती मर माझ्या घरची हाय."

"म्हंजी?"

"पोळ्यानंतर माझ्या समद्या मेल्या. हिरव्या हगवनीनं. मी तुमाला खोटं बोल्ले. आन कोंबड्याला पाजायला खुराड्याची माती आनलती, ती तुमच्या परळात कालवली. तुमच्या समद्या कोंबड्या प्यायल्या त्यातलं."

नळावरच्या दोघी निघून गेल्या. खाजामियाँ रस्त्याच्या कडेला हळूहळू खाली बसले. बाटली त्यांनी मांडीशी धरून ठेवली होती. विजयमालाला वाटलं, आता ते शिव्या देतील, आणि त्यांनी द्याव्यात असंही तिला वाटलं.

"चाँदबी समद्यांना सांगत व्हती," ते म्हणाले. "म्हने, बाईनं घरची माती आनलती, किती माया."

विजयमाला कुंपणाच्या काट्यांना धरून उभी राहिली. काटे रुतत होते ते तिला बरंच वाटत होतं. म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमची लंगडी? ती कशी वाचली?"

"मान टाकलती. मंग उठली."

"आन ह्यो?"

"चार दिस बसून व्हता."

"मंग ती दोगं वाचली न्हाईत, बाई. दुखनं त्यांच्यात वस्तीला हाय. वरून धट्टीकट्टी दिसतील. ज्या घरी जातील, पिल्लं जातील, तितं मर पडंल. काय करायचं ते मी सांगू नये. तुमाला कळलंय."

तोवर बंकट बाहेर आला होता. "येडी झालीस का तू?" तो खालच्या आवाजात बायकोला म्हणाला. "मी आप्पारावला सांगून बसलोय. दिसाय धट्टाकट्टा हाय की कोंबडा!"

"आपल्या खड्ड्यावरची माती अजून बसली न्हाई," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांचे खड्डे बगू का?"

बंकट ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. "मारायचाच तर खाऊ तरी."

"खायचाबी न्हाई, भाऊ," रस्त्यापलीकडून खाजामियाँ म्हणाले. "चुना टाकून खोल पुरायचा."

छबुबाई उठली. तिनं कोंबड्याचे पाय आणि पंख एका हातात धरले, जसे तिनं उमरभर धरले होते. मान विजयमालानं धरली. असीलाची मान जाड असते, ती एका हिसक्यात जात नाही. तिला दोनदा जोर लावावा लागला, आणि दुसऱ्या वेळी कंबरेतून कळ निघाली ती पायापर्यंत गेली. लंगडीला वेळ लागला नाही. ती टोपल्यातून उठायलाच तयार नव्हती, तशीच अंड्यावर गेली. खाजामियाँ उठून तोंड फिरवून उभे होते. खड्ड्यात चुना पडल्याचा आवाज आला तेव्हा ते वळले.

"अंडी ऊन हायत का?"

तिनं पोटाखालून काढली. ऊन होती.

"दुखनं अंड्यात उतरत न्हाई म्हनत्यात. हिरीत टाकत्यात ना लाल औषध, त्याच्या कोमट पान्यात धुवा. दुसऱ्याच्या घरी खुडूक कोंबडी असली तर तिच्याखाली घाला. वंश वाचंल. ना माझं अंगन चालंल, ना तुमचं. तिसरं घर बगा." मग ते कुंपणाच्या जवळ न येता, पण तिच्याकडं सरळ बघून म्हणाले, "पर सांगून घाला, बाई. या वक्ताला सांगून घाला."

तिनं अंडी धुतली, कोरड्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली, स्वतः न्हाऊन धुतलेली साडी नेसली आणि पाय चुन्याच्या पाण्यात बुडवून अनवाणी निघाली. म्हातारा वेशीवरच्या लिंबाखाली जाऊन बसला.

पहिलं घर बायडाबाईचं. विजयमाला फाटकाबाहेरूनच ओरडली, "बायडाबाई, मी आत येत न्हाई. माझ्या घरी मर झालती. चांगली धुतलेली अंडी हायत असीलाची. तुमच्या खुडूक कोंबडीखाली जागा द्या."

बायडाबाई दारात आली. ती वाईट बाई नव्हती. "माझी यकच कोंबडी हाय गं. नातवाला अंडं तिचंच असतंय. तिला काय झालं तर?" असं म्हणून तिनं फाटकाची कडी लावली, आणि विजयमाला हलेना तशी आतून पाणी आणून फाटकापुढं शिंपडलं. पाणी साधंच होतं. विजयमालाच्या नाकाला मात्र फिनेल आलं.

पुढच्या घरानं कुत्रं सोडलं. त्यापुढच्या घरी कोणी बाहेरच आलं नाही, फक्त आतल्या आत कोंबड्या डालग्याखाली झाकल्याचा आवाज आला. मरीची बातमी तिच्या पुढं चालत होती. आळी संपेपर्यंत तिचा आवाज बसला, तरी प्रत्येक दारात तिनं आधी मर सांगितली आणि मग अंडी. उलटं एकदाही सांगितलं नाही.

शेवटचं घर बायनाबाईचं. तिच्याकडं दोन कोंबड्या खुडूक बसलेल्या होत्या. ती कुंपणापर्यंत आली, टोपलीतली अंडी बघून हळहळली आणि आजूबाजूला बघत पुटपुटली, "कावून सांगितलंस गं? न सांगता आनली असतीस तर घातली असती की मी."

ऊन उतरलं होतं. मोकळ्या रानातून गार वारा सुटला होता आणि तिनं टोपलीवर पदर घातला.

लिंबाखाली खाजामियाँ उठून उभे राहिले. तिनं टोपली खाली ठेवून चार पावलं मागं घेतली, मग त्यांनी ती उचलली. एकेक अंडं काढून ते डोळा मिटून पापणीला लावत होते आणि परत ठेवत होते. एकाचीही ऊब राहिली नव्हती. शेवटचं अंडं मात्र त्यांनी बराच वेळ पापणीला धरून ठेवलं. मग तेही टोपलीत ठेवलं आणि फडकं सरळ करून वरून झाकलं.

"बस हाय का केजला?" त्यांनी विचारलं.

"हाय. हितंच थांबती."

बस येईपर्यंत दोघं लिंबाच्या दोन बाजूंना उभी राहिली. बस आली तेव्हा ते चढताना म्हणाले, "चाँदबीला मी सांगतो. तुमी नगा येऊ सांगाय." त्यात राग होता की दया, ते तिला पुढं कितीदा आठवूनही कळलं नाही.

दिवाळीनंतर आप्पारावचा ट्रॅक्टर वेशीवर लागला. ट्रॉलीत भांडी, पीठ, वाकळा, राहायच्या पाचटाच्या कोपीसाठी बांबू, आणि त्यावर माणसं. बंकट पुढं बसला. विजयमालानं कोयता घासून आणला होता, गंज सगळा निघाला होता. छबुबाई दारातूनच बघत होती. तिनं या खेपेला सुनेच्या पदराला काही बांधलं नाही.

ट्रॉलीच्या मधोमध वाकळांच्या आडोशाला एक नवी नवरी बसली होती, रोहिणी नावाची. तिचा हा पहिलाच हंगाम. तिनं पायापाशी डालग्यात दोन तलंगा घेतल्या होत्या, नुकत्या अंड्यावर येणाऱ्या, लाल तुऱ्याच्या कोंबड्या. तिकडं कोपीवर अंडी होतील म्हणून आईनं दिल्या होत्या. विजयमाला कंबरेवर हात ठेवून वर चढली तशी ती पोरगी सरकली.

"काकू, हितं बसा माझ्याजवळ. वारं लागत न्हाई."

विजयमालानं डालग्याकडं बघितलं. दोन्ही तलंगा माना तिरप्या करून तिच्याकडं बघत होत्या.

"नगं पोरी," ती म्हणाली. "माझ्या घरी मर झालती. तुझ्या कोंबड्या हायत."

रोहिणीला नीट कळलं नाही, तिनं फक्त डालगं जवळ ओढलं. विजयमाला वाकळा, हंडे आणि लोकांचे पाय ओलांडत ट्रॉलीच्या पार मागच्या टोकाला गेली, जिथं धुरळा येतो आणि दणके बसतात म्हणून कोणी बसत नाही. तिथं तिनं कोयता मांडीवर आडवा घेतला. ट्रॅक्टर हलला आणि पहिल्याच खड्ड्यात तिच्या कंबरेतून कळ गेली.